मीटिंग संपली की पळू नका

नमस्कार. गेल्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न: "दारू सोडायचीय, मीटिंग शोधायची कुठं?" शोधणं अवघड नाही, म्हणून ते पटकन उरकतो. मला बोलायचंय ते मीटिंग सापडल्यानंतरचं.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए. दारू सोडू पाहणारी माणसं एकत्र बसून एकमेकांना आधार देतात, तीच मीटिंग. हे नाव आणि आपल्या गावाचं नाव टाकून सर्च करा. अधिकृत साइटवर हेल्पलाइन आणि मीटिंगची यादी मिळते. निघण्याआधी फोन करून खात्री करा, जागा आणि वेळा बदलतात. बाहेर पडणं जमत नसेल तर ऑनलाइन मीटिंग आहेत. फी नाही. ऐच्छिक वर्गणी गोळा करतात, पण नव्यानं काही टाकलंच पाहिजे असं नाही. सभासद व्हायची अट एकच, दारू सोडायची इच्छा. ओपन मीटिंगला कुणीही बसू शकतं, घरचेसुद्धा. क्लोज्ड मीटिंग फक्त ज्याला स्वतःची दारू सोडायचीय त्याच्यासाठी. बोलायची सक्ती नसते. "आज फक्त ऐकतो" म्हणा, पुढचा माणूस बोलायला लागतो.

एक गोष्ट मात्र घाईत सांगणार नाही. रोज भरपूर पिणाऱ्यानं स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर. मीटिंग डॉक्टरची जागा घेत नाही.

आता मुद्दा. मीटिंग संपली की दहा मिनिटं थांबा.

मी पहिल्या तीन मीटिंगला दाराजवळची खुर्ची धरली होती. शेवटचा शब्द झाला की लोक उठायच्या आत मी जिन्यात. घरी येऊन सांगायचो, "जाऊन आलो, काही फरक नाही." चौथ्या वेळी जोराचा पाऊस होता, अडकलो. एक वयस्कर गृहस्थ घडीच्या खुर्च्या मिटून भिंतीला लावत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "हे जरा धर." मी धरली. मग दुसरी, मग तिसरी. सगळ्या लावून झाल्यावर त्यांनी खिशातून कागद काढला, त्यावर नंबर लिहिला आणि म्हणाले, "प्यायच्या आधी कर. प्यायल्यावर नको." त्या तासाभरात मी बरंच ऐकलं असेन, आज त्यातलं एक वाक्य आठवत नाही. तो कागद अजून आहे.

तुमच्याच कमेंट बघा. "दोन मीटिंग केल्या, उपयोग नाही" असं लिहिणाऱ्या कितीतरी जणांना मी उलट विचारलं, संपल्यावर थांबला होतात का? जवळजवळ सगळ्यांचं उत्तर "नाही". मला याचं फार वाईट वाटतं. एवढी लाज गिळून माणूस दारापर्यंत जातो, तासभर बसतो, आणि ज्यासाठी गेला ते हातात यायच्या आत निघून येतो. मीटिंग संध्याकाळी तासभर असते, तलफ रात्री अकराला येते. त्या वेळी हॉल बंद असतो, उघडा असतो फक्त फोन. निदान तीन नंबर घ्या, म्हणजे एकानं उचलला नाही तर दुसरा आहे.

आणि एए सुरूच असं झालं. 1935 साली एएचा एक संस्थापक बिल विल्सन कामासाठी अमेरिकेतल्या ॲक्रन गावी गेला होता. दारू सोडून काही महिने झालेले, काम फसलेलं. हॉटेलच्या लॉबीत उभा, एका बाजूला बारमधला आवाज, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. तो टेलिफोनकडे गेला आणि आपल्यासारखा दुसरा दारुडा शोधत राहिला. एकातून एक धागा लागत डॉक्टर बॉब स्मिथ सापडले. डॉक्टर पंधराच मिनिटं द्यायला तयार होते, बोलणं कित्येक तास चाललं. तेव्हा एएची मीटिंगही नव्हती, दारू सोडण्याच्या एएच्या बारा पायऱ्याही नव्हत्या. होता तो फोन.

"याला काही पुरावा आहे का?" असंही विचारता. आहे. 2020 साली वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं 27 अभ्यास, दहा हजारांवर माणसं, असा आढावा घेतला. दारूपासून पूर्ण लांब राहण्याच्या बाबतीत, माणसाला एएशी पद्धतशीर जोडून देणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. एएमधली देवाची भाषा नको असेल तर 1994 पासून स्मार्ट रिकव्हरी नावाचे वेगळे गट आहेत. पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी 1951 पासून अल-ॲनॉन हे वेगळे गट आहेत, पिणारा अजून पीत असला तरी तुम्ही जाऊ शकता. आणि एक मीटिंग पटली नाही तर दुसरी बघा, प्रत्येक गटाचा स्वभाव वेगळा.

"तुम्ही कुठल्या गटात जाता?" हे कृपा करून विचारू नका. कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवून गटाचं नाव सांगायचं नाही, ही अनामिकता मी पाळतो. उद्या मी घसरलो तर "तिथं जाऊन काही होत नाही" असं कुणी म्हणू नये, म्हणून.

शेवटचा प्रश्न, "नंबर घेतला, पण फोनवर बोलायचं काय?" मी दारूच्या दुकानासमोर उभा राहून काय बोललो ते सांगतो. "परवा खुर्च्या लावल्या होत्या, तो मी." ते म्हणाले, "कुठं आहेस?"