पिशवी काढायची का?

(दृश्य: टेबल, कागद, पेन्सिल)

हा एकाच कागदाचा मसुदा. कुठला उपचार घ्यायचा, हे बाईला स्वतः ठरवता यावं म्हणून एक संशोधक तो तयार करतायत. कितीदा खोडलाय, ते दिसतंच आहे. वर प्रश्न: गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी आहेत, आता काय करायचं? खाली रकाने. नुसतं लक्ष ठेवणं. औषधं. गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन. गाठींचा रक्तपुरवठा बंद करणं. फक्त गाठी काढणं. आणि पिशवी काढणं.

रकान्यांचा क्रमसुद्धा या संशोधक बाईंनी बदलून बदलून पाहिलाय. नजर आधी पहिल्या रकान्यावर जाते, आणि कागदानं कुणाला ढकलायचं नाही, हा त्यांचा हट्ट.

(दृश्य: हेडफोन लावलेल्या संशोधक)

त्या ऐकतायत ते डॉक्टर आणि रुग्ण यांचं बोलणं, दोघांच्या परवानगीनं रेकॉर्ड केलेलं. "डॉक्टर, तुम्हीच सांगा." मग डॉक्टर सांगतात. बाहेर रांग असते, त्यांचाही नाइलाज असतो. पण तिला पुढे मूल हवंय का, अंगावरून जाण्याचा त्रास जास्त की ऑपरेशनची भीती जास्त, हे विचारायचं राहूनच जातं. खरं तर इथे घाई क्वचितच असते. या गाठी बहुतेक वेळा कर्करोगाच्या नसतात आणि पाळी गेली की सहसा आक्रसतात.

(दृश्य: पेन्सिल जवळून)

मसुद्यात लिहिलं होतं, 'पुनःशस्त्रक्रियेची संभाव्यता'. त्यावर काट. वर नवी ओळ: 'परत ऑपरेशन लागेल का?' त्याखाली, 'कामावर कधी जाता येईल?' हे प्रश्न बायकांच्या तोंडचे, म्हणून त्यांच्याच शब्दांत.

(दृश्य: शंभर ठिपक्यांचा तक्ता)

हे शंभर ठिपके म्हणजे शंभर बायका. ज्यांना त्रास होईल त्यांचे ठिपके रंगवायचे, बाकीचे कोरे. नुसती टक्केवारी का नाही? १९९५ साली ब्रिटनमध्ये इशारा निघाला, की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. प्रत्यक्षात सात हजारांत एकीऐवजी दोघी. पण लोकांच्या कानावर पडलं ते 'दुप्पट'. घाबरून कितीतरी जणींनी गोळ्या सोडल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये गर्भपात सुमारे १३ हजारांनी वाढले. म्हणून इथे कोरे ठिपकेही मोजायला मिळतात.

(दृश्य: भिंतीवरचा नकाशा)

हा नकाशा अमेरिकेतल्या मेन राज्याचा. आरोग्यसेवेचे अभ्यासक जॉन वेनबर्ग यांनी १९८० च्या दशकात तिथले आकडे मांडले. एका भागात सत्तरीपर्यंत २० टक्के बायकांची पिशवी काढली जाण्याची शक्यता, दुसऱ्या भागात ७० टक्के. आजार काही हद्द ओलांडली की एवढा बदलत नाही. बदलते ती डॉक्टरांची पद्धत. आणि ज्या बाईचं शरीर, तिचं म्हणणं या आकड्यात कुठेच नाही. ते कागदावर यावं, यासाठी ही सगळी धडपड.

निर्णयाला मदत करणाऱ्या अशा कागदांसारख्या साधनांच्या दोनशेहून अधिक चाचण्यांचा आढावा कॉक्रन या, वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेनं २०२४ मध्ये काढला. माहिती वाढते, धोक्याचा अंदाज नेमका होतो, मनाची घालमेल कमी होते.

(दृश्य: बाह्यरुग्ण विभागातली बाकं)

एक वाद अजून मिटलेला नाही. हा कागद डॉक्टरांनी तपासताना समोर ठेवायचा, की नर्सनं आधीच हातात द्यायचा? संशोधक बाईंचं मत पक्कं आहे. आधीच द्या, इथे बाकावर. सोबत पेन्सिलही द्या. आत गेल्यावर काय काय विचारायचंय, त्यावर तिनं इथेच खुणा करून ठेवाव्यात.