खून घटले, वारही घटले का?

श्रोतेहो, नमस्कार. कोल्हापुरात एखाद्या पेठेत किंवा उपनगरात खून झाला की दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यापासून तालमीच्या कट्ट्यापर्यंत एकच उद्गार ऐकू येतो : ‘पूर्वी असं नव्हतं.’ पूर्वी नेमके कसे होते, हे तपासण्याची सोय आहे, कारण देशात नोंदवलेल्या गुन्ह्यांची वार्षिक आकडेवारी १९५३पासून उपलब्ध आहे आणि आज ती राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग प्रसिद्ध करतो.

१९५३ साली देशभरात दहा हजारांहून थोडे कमी खून नोंदले गेले. १९९२ साली हा आकडा ४०,१०५वर पोहोचला, म्हणजे दर लाख लोकसंख्येमागे साधारण साडेचार. त्यानंतर आलेख उतरत गेला आणि २०२२ साली २८,५२२ खुनांची नोंद झाली. या तीस वर्षांत लोकसंख्या पन्नास कोटींच्या आसपास वाढलेली असल्यामुळे दर मात्र निम्म्याहून खाली, २.१वर आला. महाराष्ट्रात त्या वर्षी २,२९५ खून नोंदले गेले. आपल्या राज्याचा दर देशाच्या सरासरीहूनही कमी भरतो.

तेव्हा कट्ट्यावरचा उद्गार चुकीचा ठरतो. पण माणसे शांत झाली, असा निष्कर्ष काढण्याची घाई मी करणार नाही. १९९०च्या दशकाच्या आरंभी खुनाच्या प्रयत्नाचे गुन्हे खुनांपेक्षा कमी असत. आज ते खुनांच्या जवळजवळ दुप्पट आहेत.

एक नेहमीचा प्रसंग घ्या. उसाच्या फडालगतचा बांध कोरल्यावरून भावकीत जुंपते, शिवीगाळ हातघाईवर येते आणि कुणाच्या तरी डोक्यात खोरे बसते. चाळीस वर्षांपूर्वी असा जखमी मिळेल त्या वाहनातून निघायचा आणि पुष्कळदा रक्तस्रावाने वाटेतच जायचा. आज १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येते, सीपीआर या कोल्हापुरातील सरकारी रुग्णालयात किंवा खासगी रुग्णालयात सीटी स्कॅन होतो, रक्त चढवले जाते, आणि तो वाचला तर पोलीस ठाण्यातील जुन्या भाषेत ‘३०२’, म्हणजे खून, न होता ‘३०७’, म्हणजे खुनाचा प्रयत्न, होतो. वार तोच, राग तोच. फक्त तक्त्यातला रकाना बदलतो. अर्थात ही वाढ सगळी वैद्यकाच्या खात्यावर टाकता येणार नाही. पूर्वी गंभीर दुखापत म्हणून नोंदवलेल्या घटनेला आता खुनाच्या प्रयत्नाचे कलम लागत असण्याचीही शक्यता आहे. माझ्या मते दोन्ही कारणे खरी आहेत, आणि त्यांची वाटणी नुसत्या तक्त्यावरून करता येत नाही.

कारणांच्या तक्त्यात मात्र संदिग्धता कमी आहे. २०२२मधील खुनांपैकी ९,९६२ वादावादीतून, ३,७६१ वैयक्तिक वैमनस्यातून आणि १,८८४ लाभासाठी झाल्याची नोंद आहे. आपण दाराला कडीकुलपे घालतो ती चोरट्याच्या भीतीने. वादावादीत आणि वैमनस्यात मारणारा बहुधा ओळखीचाच असतो.

जिल्ह्याच्या आकड्यांबाबत मात्र सावध राहावे. देशाच्या दराने हिशेब केला, तर सुमारे चाळीस लाख वस्तीच्या जिल्ह्यात वर्षाला ऐंशीच्या घरात खून अपेक्षित धरावे लागतील. इतक्या लहान संख्येत टोळीयुद्धाची एखादी मालिका घडली, तरी ‘खुनांत वीस टक्के वाढ’ असा मथळा तयार होतो, आणि पुढच्या वर्षी तितकीच घट झाली, तर ती बातमी आतल्या पानावरही येत नाही.