बेळगावची मागणी

दादरच्या रानडे रोडवरील या लहानशा दुकानात, गल्ल्याशेजारी ठेवलेल्या दोन पावत्या नीट पाहाव्यात. पहिली समोरच्या मोठ्या दुकानाची आहे : कुर्त्याची मूळ किंमत 1,000 रुपये, त्यावर केंद्राचा जीएसटी 25 रुपये आणि राज्याचा 25 रुपये. दुसरी ऑनलाइन खरेदीची. माल हरियाणातल्या गुरुग्रामच्या गोदामातून आला, म्हणून तिच्यावर 'आयजीएसटी 50 रुपये' (एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणाऱ्या विक्रीवरचा एकत्रित जीएसटी) अशी एकच ओळ आहे. गिऱ्हाइकाच्या खिशातून दोन्हीकडे 1,050 रुपयेच जातात, आणि माल जिथे पोहोचतो त्या राज्याचा हा कर असल्यामुळे राज्याचा वाटा दोन्ही वेळा महाराष्ट्रालाच मिळतो. हाच कुर्ता भिवंडीच्या गोदामातून निघाला असता, तर ऑनलाइन पावतीवरही दोन ओळी दिसल्या असत्या.

जून 2017 अखेरपर्यंत मुंबईत माल आणणारा ट्रक मुलुंड, दहिसर, मानखुर्द किंवा ऐरोलीच्या नाक्यावर जकात भरल्याशिवाय पुढे सरकत नसे. राज्यातील इतर महापालिकांत जकात टप्प्याटप्प्याने गेली, मुंबईत मात्र ती जीएसटी येईपर्यंत टिकली. दुकानात त्यावर व्हॅट लागे, जो 2005 साली जुन्या विक्रीकराच्या जागी आला होता. परराज्यातून माल मागवला की केंद्रीय विक्रीकर आणि त्याचा सवलतीचा दर मिळवण्यासाठी लागणाऱ्या सी-फॉर्मची धावपळ वेगळीच. माझगावची विक्रीकर खात्याची इमारत त्या सगळ्या कागदांची साक्षीदार आहे.

आता या दुकानाची स्वतःची पावती. तिच्यावर कराची ओळच नाही. हा विक्रेता गिऱ्हाइकाकडून कर घेऊ शकत नाही, एवढे मात्र छापलेले आहे. ही कंपोझिशन योजना. वार्षिक उलाढाल दीड कोटीच्या आत असलेल्या दुकानदाराने विक्रीवर 1 टक्का कर पदरचा भरायचा आणि खरेदीवर गेलेल्या कराची वजावट मागायची नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून अशा दुकानदाराला ई-कॉमर्स कंपन्यांमार्फत माल विकण्याची मुभा मिळाली, पण ती राज्याच्या हद्दीपुरतीच. मोठ्या विक्रेत्यांना ही हद्द आडवी येत नाही. हद्द ओलांडायची तर योजना सोडून नियमित नोंदणी घ्यावी लागते, आणि तो खटाटोप या धंद्याला परवडत नाही.

काउंटरवर बांधून ठेवलेले हे खाकी पार्सल कोल्हापूरला जाणार आहे. वहीत त्याच्याखालीच बेळगावची मागणी लिहिलेली असून, तिच्यावर दुकानदाराने काट मारली आहे.