मासेरूचं हॉस्पिटल आणि सरकारचं मीटर

नमस्कार मंडळी. सरकारी दवाखाने खाजगी कंपन्यांकडे द्यावेत का, हा विषय निघाला की दोन मिनिटांत भांडण जुंपतं, म्हणून आज बाजू वगैरे न घेता सरळ लेसोथोची गोष्ट सांगतो. चारी बाजूंनी साउथ आफ्रिकेने वेढलेला डोंगराळ देश, लोकसंख्या वीसेक लाख, एचआयव्हीने आधीच बेजार, आणि राजधानी मासेरूचं मुख्य सरकारी हॉस्पिटल पार खिळखिळं झालेलं.

2008 मध्ये सरकारने त्सेपोंग नावाच्या कंपनीशी 18 वर्षांचा करार केला, त्यात साउथ आफ्रिकेची खाजगी हॉस्पिटलं चालवणारी नेटकेअर कंपनी सगळ्यात मोठी भागीदार. 425 बेडचं हॉस्पिटल कंपनीने बांधायचं, डॉक्टर-नर्सपासून झाडूपोछ्यापर्यंत सगळं तिनेच बघायचं, पेशंटने नेहमीची सरकारी फी भरायची आणि बाकीचे पैसे सरकारने दरवर्षी मोजायचे. नाव खाजगी गुंतवणुकीचं, पण बांधकामाचा बराचसा पैसा साउथ आफ्रिकेच्या सरकारी डेव्हलपमेंट बँकेचं कर्ज आणि सरकारचाच वाटा, बरं का!

2011 ला हॉस्पिटल सुरू झालं आणि चाललंही झकास, हे मान्य करायलाच हवं. जुन्या हॉस्पिटलच्या मानाने मृत्यूंचं प्रमाण बरंच खाली आलं.

गोम होती करारात. वर्षाला 20,000 भरती पेशंट आणि 3,10,000 ओपीडी, एवढंच ठरलेल्या रकमेत, त्याच्या वर आला की जादा बिल. आता बाकीचे दवाखाने तसेच रखडलेले असताना एकच हॉस्पिटल चकाचक झालं तर माणसं तिकडेच धावणार ना, त्यात त्यांची काय चूक, पण मर्यादा ओलांडून पेशंट दारात आला की सरकारचं मीटर सुरू. 2014 मध्ये ऑक्सफॅम या गरिबीवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने हिशोब मांडला की आरोग्याच्या बजेटचा 51 टक्के हिस्सा हे एकच हॉस्पिटल खातंय. त्या आकड्यावरून बरीच जुंपली, तरी बिलांवरून सरकार-कंपनीची धुसफूस सुरूच होती.

मग 2021. सरकारी नर्सइतका पगार द्या म्हणून इथल्या नर्स संपावर गेल्या आणि कंपनीने 345 जणींना-जणांना घरी बसवलं. कोविड चालू असताना! सरकारने करारच रद्द केला, त्याची मुदत संपायला अजून पाच वर्षं होती.