सुटल्याचंही छापा

(पत्रकार दिनानिमित्त सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आज 6 जानेवारी. 1832 साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केलं, म्हणून आपण आज पत्रकार दिन पाळतो. फोटोला हार घालून झाला, सत्कार झाले. आता वाचनालयानं मला विषय दिलाय, 'बातमीवरचा विश्वास आणि उद्याची पत्रकारिता'. उद्या काय होणार हे मला सांगता येणार नाही. पण विश्वास कसा जातो ते मी जवळून पाहिलंय. काही वेळा तो माझ्याच हातून गेलाय. तेव्हा सुरुवात तिथूनच करतो.

मी या तालुक्यात वार्ताहर म्हणून लागलो तेव्हा मजकुराचं पाकीट रात्रीच्या सोलापूर गाडीच्या कंडक्टरच्या हातात द्यावं लागायचं. पुढे फॅक्स आला, मग मेल आला. 2003 सालची गोष्ट सांगतो. पोलीस ठाण्यातून प्रेसनोट आली. घरफोडीच्या संशयावरून पारधी वस्तीवरच्या एका एकोणीस वर्षांच्या पोराला ताब्यात घेतलं होतं. नोटमध्ये शब्द होता 'संशयित'. मी बातमीत लिहिलं 'सराईत'. का लिहिलं? ठाण्यात बोलता बोलता कुणीतरी तसं म्हणालं होतं, आणि वस्तीचं नाव ऐकल्यावर मलाही त्यात काही खटकलं नाही. डेस्कनं त्यावर मथळा चढवला, 'अट्टल चोरटा जेरबंद'. तीन कॉलम, फोटोसकट.

सात-आठ महिन्यांनी बाजारच्या दिवशी एक बाई माझ्या घरी आल्या. ओट्यावर बसल्या. पोलक्यातून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून ते कात्रण. घड्यांवर विरलेलं, पण फोटो शाबूत. त्यांना वाचता येत नव्हतं, फोटोवरून त्यांनी ते जपलं होतं. पोरगा सुटला होता, त्याच्याविरुद्ध काही निघालं नव्हतं. पण ऊसतोडीचा मुकादम त्याला टोळीत घेईना, गावात कुणी दारात उभं करीना. त्या म्हणाल्या, "भाऊ, धरल्याचं छापलंत. सुटल्याचं बी छापा की."

मी म्हणालो, "मावशी, सुटल्याची बातमी होत नाही."

"का होत न्हाई?"

मला उत्तर आलं नाही. आजही नाही आलेलं. मी संपादकांशी बोललो, दोन-तीनदा बोललो, आणि शेवटी चार ओळी आल्या. सहाव्या पानावर, राशिभविष्याच्या खाली, फोटोशिवाय. मावशींनी ते चार ओळींचं कात्रणही नेलं आणि त्याच पिशवीत ठेवलं.

सोलापुरात आजही 'सेटलमेंट' नावाचा भाग आहे, तुम्हाला माहीत आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं ज्या जमाती जन्मानंच चोर ठरवल्या, त्यांना तिथं तारेच्या कुंपणात ठेवत, हजेरी घेत. तो कायदा 1952 साली रद्द झाला, कुंपण निघालं. माझ्या बातमीतल्या 'सराईत' या एका शब्दानं ते त्या पोराभोवती परत उभं केलं. लोकांचा पेपरवरचा विश्वास उडाला असं आपण म्हणतो, तेव्हा मला नेहमी विचारावंसं वाटतं, कुणाचा? त्या वस्तीचा विश्वास उडाला नाही, तो कधी बसलाच नव्हता. बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' काढला तो याच कारणानं. त्या काळात एवढी पत्रं होती, पण त्यांत आपली दाद लागत नाही हे दिसत होतं. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. 'मूकनायक'ची पैसे देऊन करायची साधी जाहिरातसुद्धा एका बड्या पत्रानं घेतली नव्हती, हे पुढे बाबासाहेबांनीच लिहून ठेवलंय.

आता दुसरी बाजू बघा. लोकांचा पेपरवर अजिबात विश्वास नाही, हेही खरं नाही. आपल्या एसटी स्टँडवरच्या स्टॉलपाशी सकाळी उभे राहा. निधनवार्तेवर कुणी शंका घेतो का? रक्षाविसर्जन सकाळी आठला छापलं असेल तर माणसं आठला नदीवर असतात. कांद्याचा भाव, डाळिंबाचा भाव, उजनीची पाणीपातळी, उद्या वीज कुठं बंद, हे लोक वाचतात आणि त्यावर दिवसाचं काम ठरवतात. कारण त्या बातम्या संध्याकाळपर्यंत पडताळता येतात. भाव चुकीचा छापला तर बाजार समितीच्या दारात शेतकरी वार्ताहराची गचांडी धरतो. म्हणून ती आकडेवारी आम्ही दोनदा तपासतो. पहिल्या पानाचा मथळा दोनदा तपासतो का, हे मला विचारू नका. म्हणजे विचाराच, पण उत्तर चांगलं नाही.

ऑक्सफर्डची रॉयटर्स इन्स्टिट्यूट दरवर्षी एक मोठी पाहणी करते. 2025 च्या पाहणीत 48 देश होते, आणि एकूण बातम्यांवर बहुतांशी विश्वास ठेवणारे शंभरात 40 निघाले. आपल्याकडे हा आकडा भाषणात फार फिरतो. पण त्या पाहणीतला भारत म्हणजे इंटरनेटवर बातम्या वाचणारा, इंग्रजी येणारा भारत. आपल्या वस्तीवरच्या, वाडीवरच्या माणसाला त्यात कुणी विचारलेलं नाही. तेव्हा आपल्या तालुक्याचा हिशेब आपल्यालाच करावा लागेल.

आणि तो हिशेब चुकला की काय होतं, ते आपल्या जिल्ह्यानं बघितलंय. 1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेसाठी फिरत तिथं आले होते. आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची माणसं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, ही अफवा मोबाइलवर आधीच पोचली होती. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून, ठेचून मारलं. पाचही गेले. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

त्या आधीच्या महिन्यात ती अफवा आपल्याकडंही आली होती. मला आठवतंय, एकाच दिवसात मला ती दहा-बारा जणांनी पाठवली, त्यात दोन शिक्षक होते. मी ठाण्याला फोन केला. तालुक्यात मूल पळवल्याची एकही नोंद नव्हती. मी तीन ओळींची बातमी केली, 'अफवांवर विश्वास ठेवू नका, पोलिसांचे आवाहन'. ती आतल्या पानावर लागली. काय उपयोग? आवाहन कोण वाचतं? मी त्या दिवशी बाजारात जाऊन बसायला हवं होतं. फिरस्ती माणसं कुठं उतरलीत, कुठल्या गावची आहेत, कुणाची आहेत, हे फोटोसकट, नावासकट छापायला हवं होतं. ज्याचं नाव-गाव आपल्याला ठाऊक आहे त्याच्यावर दगड उचलताना हात थबकतो. राईनपाड्याची बातमी आली त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण ते पाच जण आपल्या बाजारातूनही कधीतरी गेले असणार.

लोक म्हणतात, मोबाइलनं वाट लावली. मोबाइलनं अफवेचा वेग वाढवला, हे खरं. पण लोकांनी आमच्याकडं पाठ फिरवायला त्याआधीच सुरुवात केली होती. 2009 ची विधानसभा आठवा. एकाच नेत्याची एकच आरती शब्दन् शब्द तशीच, वेगवेगळ्या पेपरांत, वेगवेगळ्या नावांनी छापून आली. खाली कुठंही 'जाहिरात' हा शब्द नव्हता. पैसे घेऊन बातम्या छापण्याचं, म्हणजे 'पेड न्यूज'चं, हे प्रकरण पत्रकार पी. साईनाथांनी उघडकीला आणलं. प्रेस कौन्सिलनं समिती नेमली, पण समितीचा मूळ अहवाल कौन्सिलनंच दाबून ठेवला. 2011 साली केंद्रीय माहिती आयुक्तांनी सांगितल्यावर तो बाहेर आला. वाचक तेव्हाच शहाणा झाला होता.

यात तालुक्याचा वार्ताहर कुठं असतो तेही सांगायला हवं, कारण ते व्यासपीठावरून कुणी सांगत नाही. बहुतेक वार्ताहरांना पगार नसतो. मानधन असतं, ते मोटारसायकलच्या पेट्रोलला पुरत नाही. कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. वर्धापनदिनाची पुरवणी आली की टार्गेट येतं. मग ज्या कारखान्याच्या, ज्या पतसंस्थेच्या, ज्या भाऊ-दादाच्या वाढदिवसाची जाहिरात आणायची, त्याच्याच कारभाराची बातमी त्याच वार्ताहरानं द्यायची. गावातल्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. आणि जो तरीही अशी बातमी देतो, त्याला काय किंमत मोजावी लागते तेही ठाऊक असतं. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे रिफायनरीच्या वादावर लिहीत होते. 6 फेब्रुवारी 2023 ला सकाळी त्यांची बातमी छापून आली, दुपारी त्यांच्या दुचाकीला एका गाडीनं उडवलं, दुसऱ्या दिवशी ते गेले. ज्याच्याविषयी ती बातमी होती, त्याच्यावरच खुनाचा गुन्हा नोंदला गेला. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्रानं 2017 लाच केलेला होता.

मग यातून वाट कशी काढायची? मी दोन उदाहरणं देतो, एक जुनं, एक अलीकडचं.

जुनं म्हणजे कोल्हापूर प्रकरण. टिळक-आगरकर 1882 साली डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस होते, हे आपण शाळेपासून ऐकतो. का होते, हे मात्र भरभर सांगून संपवतात. कोल्हापूरचा दिवाण माधवराव बर्वे छत्रपतींचा छळ करतो, असं 'केसरी' आणि 'मराठा'त छापलं गेलं. पुरावा म्हणून पत्रं होती. ती पत्रं कोर्टात बनावट ठरली. विशीतल्या दोन तेजस्वी माणसांच्या हाती बनावट कागद दिले गेले, आणि त्यांनी ते खरे मानले. दोघांनी माफी मागितली, तरी शिक्षा झाली, ती त्यांनी भोगली. बाहेर आले तेव्हा लोक त्यांच्या स्वागताला जमले होते. मला त्या स्वागताइतकीच ती माफी महत्त्वाची वाटते. एवढ्या मोठ्या माणसांचं शुद्धिपत्र निघू शकतं, तर आमचं सहाव्या पानावर, राशिभविष्याखाली का लपतं?

अलीकडचं उदाहरण उत्तर प्रदेशातलं, चित्रकूटचं. 2002 साली तिथं 'खबर लहरिया' नावाचं पत्र सुरू झालं. चालवणाऱ्या बहुतेक दलित, आदिवासी, मुस्लिम बायका. काही जणी तर नुकत्याच लिहा-वाचायला शिकलेल्या. बुंदेलीत लिहायच्या, आणि स्वतः अंक घेऊन गावोगाव विकायच्या. आता ते मोबाइलवर आलंय. पण जी बाई हापशाची बातमी लिहिते, तीच त्या हापशापाशी जाऊन अंक विकते, ही व्यवस्था बघा. हापसा बंद आहे असं लिहून तो चालू निघाला, तर पळायला जागा नाही. बातमीदार आणि वाचक यांच्यात एवढंच अंतर असावं असं मला वाटतं.

तरुण बातमीदार इथं बरेच बसलेत, कुणाचं पोर्टल आहे, कुणाचं यूट्यूब चॅनेल. तुम्हाला भीती वाटते की कृत्रिम बुद्धिमत्ता आमचं काम खाईल. प्रेसनोटची बातमी करणं, मथळा देणं, भाषण आठ ओळींत आणणं हे ती करतेच, आणि आपल्यातल्या काहींपेक्षा शुद्ध मराठीत करते. ते काम जाऊ द्या. पण ओट्यावर बसलेल्या मावशीचं 'का होत न्हाई?' तिला ऐकू येणार नाही, कारण मावशी तिच्याकडं जाणार नाहीत. मावशी तुमच्याकडं येतील, तुमचं घर त्यांना माहीत असेल तर.

त्या प्रसंगानंतर मी एक वही घातली. शाळेची दोनशे पानी. डाव्या पानावर मी दिलेली बातमी. अमुकला अटक, तमुकवर गुन्हा, अमक्या ग्रामसेवकावर आरोप. उजव्या पानावर पुढे काय झालं ते. सुटला, शिक्षा झाली, चौकशी बंद पडली. पहिल्या वर्षी उजवी पानं बहुतेक कोरी राहिली. नंतर सवय लागली. कोर्टात कारकुनाला विचारायचं, ठाण्यात विचारायचं, त्या घरी जायचं. घरी जाणं सगळ्यांत अवघड. पण गेलो की चहा मिळतो, आणि बहुतेक वेळा पुढची बातमीही तिथंच मिळते. आज माझ्याकडं अशा अकरा वह्या आहेत. संपादक बदलत गेले. सध्याच्या संपादिका तरुण आहेत, त्यांनी कबूल केलंय की महिन्यातून एकदा उजव्या पानावरचा मजकूर पहिल्या पानावर, चौकटीत लागेल.

येत्या बुधवारी बाजार आहे. अकरा ते एक मी या वाचनालयाच्या ओट्यावर वह्या घेऊन बसणार आहे. दर बुधवारी बसणार आहे. ज्याच्याविषयी मी चुकीचं लिहिलंय, अर्धं लिहिलंय, त्यानं यावं. दोन तरुण बातमीदारांनी बरोबर बसायचं कबूल केलंय. त्या मावशी आता नाहीत. त्यांचा मुलगा बाजारात मोबाइलची कव्हरं विकतो, चाळिशीचा झालाय. परवा त्याला सांगितलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पिशवी हाय माझ्याकडं. कोणतं आणू, धरल्याचं का सुटल्याचं?"

म्हटलं, दोन्ही आण.