एक विषय, पंधरा वर्ग

(पडद्यावर: मोठं सभागृह. समोरच्या पडद्यावर एका प्राध्यापकांचं व्याख्यान चालू आहे.)

निवेदन:

२०११ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा वर्ग इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला झाला. सबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग शिकवत होते. एक लाख साठ हजारांच्या आसपास लोकांनी नाव नोंदवलं. पुढच्या वर्षभरात युडॅसिटी, कोर्सेरा, एडएक्स अशा ऑनलाइन अभ्यासक्रम देणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या, आणि उच्च शिक्षणाचा प्रश्न आता सुटला असं बोललं जाऊ लागलं. नामवंत विद्यापीठातला नामवंत प्राध्यापक एकदा चित्रित करायचा आणि जगाला दाखवायचा.

मग बाकीच्या शिक्षकांनी काय करायचं?

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठात हा प्रश्न प्रत्यक्ष समोर आला. हार्वर्डच्या मायकल सँडेल यांचा न्यायावरचा ऑनलाइन अभ्यासक्रम तिथे वापरावा, असं सुचवलं गेलं. २०१३ च्या वसंतात तिथल्या तत्त्वज्ञान विभागानं सँडेल यांनाच खुलं पत्र लिहून नकार कळवला. देशभरातल्या विभागांत सामाजिक न्यायाचा अगदी एकच अभ्यासक्रम शिकवला जाणार, या कल्पनेचीच त्यांना भीती वाटत होती. ती भीती रास्त होती. न्यायाविषयी बोलताना ऐकणारा कोण आहे, कुठून आलाय, फी भरायला रात्रपाळी करतो का, हे बाजूला ठेवून चालत नाही.

(पडद्यावर: अमेरिका-कॅनडाचा नकाशा. एकामागून एक ठिपके उजळतात.)

त्याच काळात दोन प्राध्यापिका वेगळ्या दिशेनं विचार करत होत्या. ॲन बाल्सामो आणि अलेक्झांड्रा जुहाझ. जुहाझ यांनी २००७ मध्येच पिट्झर कॉलेजात यूट्यूबविषयीचा अभ्यासक्रम यूट्यूबवरच शिकवून पाहिला होता, त्यामुळे हे माध्यम काय देतं आणि काय नाकारतं, याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. २०१२ मध्ये या दोघींच्या पुढाकारानं फेमटेकनेट नावाचं जाळं तयार झालं. स्त्रीवादी अभ्यासक, कलावंत, ग्रंथपाल, विद्यार्थी त्यात आले. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये पंधरा महाविद्यालयं-विद्यापीठांमध्ये त्यांचा अभ्यासक्रम सुरू झाला. विषय होता स्त्रीवाद आणि तंत्रज्ञान.

याची घडण नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळं वेगळेपण तिथेच आहे. मध्यवर्ती व्याख्याता कुणीच नव्हता. दर आठवड्याला एक सूत्र असे. श्रम, वंश, शरीर, यंत्र, स्थळ अशी ती सूत्रं. प्रत्येक सूत्रावर एक चित्रित संवाद होता. एक विदुषी कॅमेऱ्याकडे बघून शिकवते आहे असं त्यात नव्हतं. दोघी जणी एकमेकींशी बोलत, अडत, पुन्हा विचारत. एवढंच सगळ्यांना समान. बाकी वाचन काय द्यायचं, परीक्षा कशी घ्यायची, श्रेयांक किती, हे त्या त्या ठिकाणची शिक्षिका ठरवी. एके ठिकाणी पदवीचे विद्यार्थी होते, दुसरीकडे पदव्युत्तर. येल आणि ब्राउनसारखी श्रीमंत विद्यापीठं होती, तशी ओहायोतली बोलिंग ग्रीनसारखी सरकारी विद्यापीठंही.

ज्ञान एका जागी साठलेलं असतं आणि तिथून ते खाली वाटायचं असतं, ही समजूत यात मोडली होती.

(पडद्यावर: एका जुन्या माहितीपत्रकाचं पान. त्यावर विणलेला गालिचा.)

या जाळ्यात काम केलेल्या लिसा नाकामुरा यांच्या संशोधनातलं एक उदाहरण इथे सांगायलाच हवं. न्यू मेक्सिको राज्यात शिपरॉक नावाचं गाव आहे, नवाहो आदिवासींच्या भूमीत. १९६५ ते १९७५ या काळात फेअरचाइल्ड या चिप बनवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कंपनीचा कारखाना तिथे चालला. कामाला प्रामुख्यानं नवाहो बायका होत्या. कंपनीच्या १९६९ च्या माहितीपत्रकात नवाहो गालिचाची वीण आणि चिपवरची नक्षी यांचं साम्य दाखवलं होतं. अर्थ असा, की या बायकांची बोटं मुळातच अशा बारीक कामासाठी घडलेली आहेत. कसब निसर्गाच्या खाती टाकलं की ते शिकायला लागलेली वर्षं दिसेनाशी होतात, आणि मजुरीही कमी देता येते. संगणकाचा इतिहास शिकवताना सिलिकॉन व्हॅलीतल्या पुरुषांची नावं घोकून घेतली जातात. शिपरॉकच्या बायका त्या धड्यात नसतात.

त्या धड्यात त्यांना आणायचं कुणी? फेमटेकनेटनं हे काम विद्यार्थ्यांच्या हाती दिलं. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या २०११ च्या पाहणीत विकिपीडियाच्या दर शंभर संपादकांमागे दहासुद्धा स्त्रिया नव्हत्या. मग वर्गच्या वर्ग विकिपीडियावर लिहायला बसले. राहून गेलेल्या स्त्री-वैज्ञानिक, स्त्री-कलावंतांच्या नोंदी करायच्या, संदर्भ शोधायचे, कुणी मजकूर उडवला तर चर्चापानावर बाजू मांडायची. विश्वकोश पाहणारा विद्यार्थी तो लिहू लागला, की 'तटस्थ' मानल्या गेलेल्या मजकुरामागे कोण बसलेलं असतं, हे त्याला पुन्हा समजावून सांगावं लागत नाही.

उणिवाही होत्या, आणि त्या मोठ्या होत्या. वंशभेदाचा प्रश्न पुरेसा मध्यभागी नाही, हे जाळ्यातल्याच अभ्यासकांनी पुढे आणलं. त्यातून वंश आणि वांशिकता वर्गात कशी शिकवावी, यावरची स्वतंत्र कार्यपुस्तिका तयार झाली. दुसरी उणीव श्रमांची. संवादांचं चित्रीकरण, संकेतस्थळ, बैठका, हे बरंचसं काम शिक्षिकांनी पगाराबाहेर केलं.

(पडद्यावर: पुणे विद्यापीठाचा परिसर.)

आता पुण्यात येऊ. पुणे विद्यापीठातल्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे शिकवत होत्या. फेमटेकनेटशी त्यांच्या कामाचा थेट संबंध नाही, पण वर्गात ज्ञान कुणाचं, हा प्रश्न तोच आहे, आणि मला तर तो इथे अधिक खोलवर विचारला गेलेला दिसतो. मंडल आयोगाच्या आरक्षणानंतरच्या वर्षांत विद्यापीठाचे वर्ग बदलत होते. खेड्यांतून, दलित-बहुजन घरांतून मुलंमुली येत होती. वाचायला दिलेलं साहित्य मात्र इंग्रजीत, आणि गुणवत्तेची मोजपट्टी जुनीच. २०१० मध्ये रेगे यांनी 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त फुले-आंबेडकरी स्त्रीवादी अध्यापनावर दीर्घ निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकात त्यांनी घेतलं ते 'तृतीय रत्न', शिक्षणाचं महत्त्व सांगणारं जोतीराव फुल्यांचं १८५५ मधलं नाटक. त्याआधी २००९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत दलितांच्या अन्नाच्या आठवणींवर पुस्तिका काढली होती. पाककृतींच्या पुस्तकांत ज्याला कधी जागा मिळाली नाही ते अन्न, त्यामागची भूक आणि अपमान, हा सगळा विद्यापीठीय ज्ञानाचा विषय झाला. १३ जुलै २०१३ रोजी रेगे गेल्या. वय पन्नासही नव्हतं.

(पडद्यावर: एका घरातला मोबाइल. हात बदलत जातो.)

२०२० मध्ये महाविद्यालयं बंद झाली आणि वर्ग फोनवर आला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या ३८ टक्के स्त्रियांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं. पुरुषांचं प्रमाण ६१.५ टक्के. घरात एकच फोन असेल तर भावाचा तास आधी. मुलीच्या तासाला फोन हाती आलाच, तर कुकरच्या शिट्ट्या मोजत व्याख्यान ऐकायचं. अशा वेळी 'कॅमेरा चालू ठेवा' हा आदेश सगळ्यांना सारखा लागू होत नाही. एका खोलीत सहा माणसं राहतात, हे वर्गाला का दाखवावं?

आणि हा विषय करोनाबरोबर संपलेला नाही. २०१७ पासून केंद्र सरकारचं 'स्वयम्' हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ चालू आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तिथून घेता येतात. गावात न मिळणारा विषय त्यामुळे मिळतो, हे खरं आहे, आणि ते मोलाचं आहे. पण तेवढ्यावर थांबण्याचं कारण नाही. बीड, सोलापूर, रत्नागिरी, पणजी इथली महाविद्यालयं मिळून 'बायांचं काम आणि यंत्र' असा एक विषय सहज चालवू शकतात. चित्रित संवाद सगळ्यांना समान. बीडच्या मुलींनी ऊसतोड करणाऱ्या बायांशी बोलावं, सोलापूरच्या मुलींनी विडी कामगारांशी, रत्नागिरी-पणजीच्या मुलींनी मासळी विकणाऱ्या बायांशी. त्यांनी एकमेकींचं काम तपासावं आणि मराठी विकिपीडियावर संदर्भांसह नोंदी लिहाव्यात. महागडं सॉफ्टवेअर लागणार नाही. अभ्यासमंडळापुढे प्रस्ताव ठेवताना या कामाचे तास मात्र कार्यभारात आधीच मांडून घ्यावेत, आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापिकांना त्या प्रत्येक तासाचं मानधन मिळावं.