नेमोला थांबवणारं कोणी नव्हतं

(दृश्य : काणकोण तालुका, पैंगीण. परशुरामाचं देऊळ.)

बाण मारून परशुरामाने समुद्र मागे हटवला आणि तो बाण बाणावलीला पडला, हे गोव्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्याआधीची कथा मात्र आपण भरभर उरकतो. बापाला मारलं म्हणून या माणसाने एकवीस वेळा क्षत्रिय कापले, कुरुक्षेत्राजवळच्या समंतपंचकात रक्ताची पाच तळी भरली. जमदग्नीला मारलं होतं कार्तवीर्याच्या मुलांनी. मग बाकीच्यांचा गुन्हा काय? महाभारतात शेवटी त्याचा आजोबा ऋचीक आणि इतर पितर त्याच्यापुढे उभे राहतात आणि त्याला आवरतात. तो ऐकतो. जिंकलेली पृथ्वी कश्यपाला देऊन टाकतो, आणि स्वतःला उभं राहायला जागा नाही म्हणून समुद्राकडे येतो.

(दृश्य : आगोंदचा किनारा. दूर एक ट्रॉलर.)

याच अरबी समुद्रातून, मालदीव आणि लक्षद्वीपच्या मधून, कॅप्टन नेमोची पाणबुडी नॉटिलस ओमानच्या आखाताकडे गेली. अर्थात ज्यूल व्हर्नच्या कादंबरीत. नेमो कोण, हे 'मिस्टीरियस आयलंड' या पुढच्या कादंबरीत उघड होतं : बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, टिपू सुलतानच्या नात्यातला. १८५७च्या उठावात उतरला आणि बायकोमुलांसकट सगळं गमावून बसला. व्हर्नला आधी नेमो पोलिश सरदार करायचा होता, पण रशियन वाचक दुखावतील म्हणून प्रकाशक तयार होईना. तेव्हा आपला अभिमान जरा उसनाच आहे.

पण माणूस भुरळ पाडतो खरा. सिलोनच्या समुद्रात एका गरीब पाणबुड्याला तो शार्कच्या तावडीतून सोडवतो, वर मोत्यांची थैली त्याच्या हातात ठेवतो. तुर्कांशी लढणाऱ्या क्रीटच्या बंडखोरांना सोनं पाठवतो.

आणि मग ते जहाज येतं.

युद्धनौका आहे. निशाण ओळखू येत नाही. व्हर्न ते शेवटपर्यंत सांगत नाही. तोफा आधी तीच डागते, हे खरं. पण नॉटिलस पाण्याखाली बुडी मारून सहज निसटली असती. नेमो निसटत नाही. रात्रभर तिला झुलवत मागे ओढतो, सकाळी पोटात धडक देतो आणि काचेआडून माणसं बुडताना बघत राहतो. नंतर खोलीत जाऊन एका स्त्रीच्या आणि दोन मुलांच्या चित्रापुढे गुडघे टेकून रडतो. ते रडणं खोटं नाही, म्हणूनच तो प्रसंग अंगावर येतो.

कायदा मीच, न्यायाधीशही मीच, असं तो म्हणतो. जुन्या सूडकथेत विज्ञानकथेने घातलेली भर मला इथे दिसते. परशुरामाच्या हातात परशू होता, पण डोक्यावर पितर होते. नेमोने असं यंत्र बांधलं, की जिथे 'पुरे' म्हणणारं कोणी पोहोचूच शकत नाही. खलाशी तोंड उघडत नाहीत. नॉटिलसवर कैदेत असलेला प्राध्यापक आरोनाक्स बोलायला जातो, त्याला गप्प केलं जातं. अल्फ्रेड बेस्टरच्या १९५६च्या विज्ञानकादंबरीतला सूडाने पेटलेला नायक गली फॉयल याहून कितीतरी ओंगळ. एका निरपराध बाईवर बलात्कार करणारा. पण तो निदान शेवटी स्वतःच्या पायांनी वकिलाकडे जाऊन शिक्षा मागतो.

(दृश्य : रात्र. लाटांचा आवाज.)

नेमोही मरताना निवाडा मागतो. 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये त्या जहाजाचा विषय निघतो तेव्हा म्हातारा उसळतो : ते शत्रूचं जहाज होतं, त्याने हल्ला केला, मी अरुंद, उथळ खाडीत अडकलो होतो, वाट अडवली म्हणून बुडवलं.

खाडी नव्हतीच. भर अटलांटिक होता.

ऐकणारा सायरस स्मिथ, त्या बेटावर अडकलेल्यांचा म्होरक्या, त्याला खोडून काढत नाही. मी बरोबर वागलो की चूक, या प्रश्नालाही तो सरळ उत्तर देत नाही. त्या बेटावरच्या सगळ्यांचे प्राण नेमोने वाचवले होते.